कृषी सेवा केंद्राच्या उधारीच्या नोंदींसाठी एक्सेलमध्ये फॉर्म बनवतोय. व्हीबीएच्या (एक्सेलमधल्या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या) युजरफॉर्मवर मराठी लेबलं टाकली की प्रश्नचिन्हं दिसतात. इंग्रजीच ठेवू का?

अजिबात ठेवू नका. कृषी सेवा केंद्राच्या उधारीसाठी फॉर्म बनवताय म्हणता, म्हणजे समोर शेतकरीच उभा असणार. प्रश्नचिन्हांवर उपाय आहे, पण "इंग्रजीच ठेवू का" हे वाचून राहवलं नाही.

पांढरकवड्याकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावरच्या नोंदींसाठी मी असाच फॉर्म बनवला होता. नाव, गाव, भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, ओलावा, भाव. ऐन सीझनमध्ये हिशोबाचं सॉफ्टवेअर विकायला नागपूरहून एक साहेब आले. फॉर्म पाहून मालकांना म्हणाले, "मराठी कशाला? शेतकरी थोडाच कॉम्प्युटर चालवणार आहे!" मालकांनाही ते पटलं. मी लेबलं बदलायला साफ नकार दिला आणि त्यावरून बराच वाद झाला.

ते साहेब काट्याच्या खिडकीशी तासभर उभे राहिले असते तर असं बोलले नसते. शेतकरी खिडकीतून वाकून स्क्रीनच पाहत असतो. वर्षभराची कमाई त्या चार आकड्यांत असते. 'ग्रॉस', 'टेअर' असं लिहिलं की तो ऑपरेटरच्या तोंडाकडे पाहतो. मराठीत असलं की तिथल्या तिथे मनातच वजाबाकी करतो. एका म्हाताऱ्या बाबांनी ओलाव्याच्या चौकटीकडे बोट दाखवून विचारलं, "हे बारा काऊन दाखवून राह्यलं? मीटरवर तं दहा होतं नं!" मीटर पुन्हा लावला, दहाच निघाले. ऑपरेटरनं घाईत चुकीचा आकडा टाकला होता. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की भाव कापतात आणि १२ च्या वर माल घेतच नाहीत, त्यामुळे बारा म्हणजे काय हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. लेबल इंग्रजीत असतं तर बाबांना ती चूक दिसलीच नसती.

आता प्रश्नचिन्हांचं. व्हीबीएचा एडिटर युनिकोडचा (सगळ्या लिप्या चालणाऱ्या पद्धतीचा) नाही आणि देवनागरीला विंडोजचं जुनं कोडपेजही (एकेका लिपीसाठीचा अक्षरांचा जुना तक्ता) नाही, म्हणून प्रॉपर्टीजच्या खिडकीत किंवा कोडमध्ये थेट मराठी लिहू नका. एका वेगळ्या शीटवर सगळी लेबलं टाइप करा, ती शीट लपवा आणि फॉर्मच्या इनिशिअलाइज इव्हेंटमध्ये (फॉर्म उघडताना चालणाऱ्या कोडमध्ये) प्रत्येक लेबलच्या कॅप्शनला त्या त्या सेलची व्हॅल्यू द्या. फॉन्ट मंगल किंवा निर्मला यूआय ठेवा. टेक्स्टबॉक्समध्ये मराठी नीट टाइप होतं. फॉर्मची वरची पट्टी आणि मेसेजबॉक्स मात्र ऐकत नाहीत; सूचनेसाठी छोटासा दुसरा फॉर्मच बनवा. कोणी कृतिदेव हा जुना, युनिकोड नसलेला फॉन्ट वापरायला सांगेल. फॉर्मवर छान दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरंच साठतात. पुढे नाव शोधायला किंवा यादी अकारविल्हे लावायला गेलात की सगळा घोळ. हा सल्ला मानू नका.

गावाचं नाव टाइप करू देऊ नका, कॉम्बोबॉक्सची स्टाइल ड्रॉपडाउन लिस्ट करा, नाहीतर एकाच गावाची तीन गावं होतात. कोडमध्ये रकमेसाठी इंटिजर हा आकड्याचा प्रकार घेऊ नका. त्याची मर्यादा ३२,७६७ आहे, पाच क्विंटल कापसातच ओव्हरफ्लोची एरर येते. करन्सी घ्या.

फाइल व्हॉट्सअ‍ॅप किंवा मेलवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेली तर मॅक्रो अडवले जाऊ शकतात, २०२२ पासून ऑफिसमध्ये तसा बदल झालाय. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉक करा. मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये व्हीबीए चालतच नाही. लिबरऑफिसच्या बेसिकमध्ये मराठी थेट लिहिता येतं, पण तिथे डायलॉग नव्यानं बनवायची तयारी ठेवा.

आणि दोन काउंटरवरून एकाच वेळी नोंदी करायच्या असतील तर एक्सेलचा नाद सोडा, डेटाबेस घ्या. तो विकायला येणारा माणूस इंग्रजी लेबलंच दाखवेल. पैसे देण्याआधी मराठी करून मागा.