६४ खेळाडूंच्या शूटरमध्ये व्हॉल्ट, मँटल आणि स्लाइड ऑनलाइन गेल्यावर का बिघडतात?

तुम्ही अनरियल या गेम इंजिनात ६४ खेळाडूंचा शूटर, म्हणजे गोळीबाराचा खेळ, करताय. एकट्याने चालवलं की कठड्यावर चढणं (मँटल), कठडा ओलांडणं (व्हॉल्ट), जमिनीवरून घसरत जाणं (स्लाइड) सगळं सुरळीत होतं, पण सर्व्हरवर गेलं की खेळाडू चढता चढता मागे खेचला जातो. शिवाय टायटनफॉल या खेळासारखं भिंतीवर धावणं यात बसेल का, असंही तुम्ही विचारलंय.

मागे खेचलं जाण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: चढणं हे हालचाल म्हणून नव्हे, तर ॲनिमेशन म्हणून बांधलेलं असतं. बटण दाबलं, आरपीसी (सर्व्हरला ‘हे काम कर’ असं सांगणारा वेगळा संदेश) गेला, माँटाज (ठरलेलं ॲनिमेशन) सुरू झाला. पण अनरियलचा कॅरेक्टर मूव्हमेंट कंपोनंट, म्हणजे पात्र हलवणारा भाग, वेगळ्या रीतीने चालतो. क्लायंट (खेळाडूच्या मशीनवरचा खेळ) प्रत्येक फ्रेमची हालचाल वेळेच्या शिक्क्यासह पाठवतो, सर्व्हर तीच स्वतः करून बघतो आणि दोघांच्या जागेत साधारण १.७ सेंमीपेक्षा जास्त फरक दिसला की क्लायंटला दुरुस्त करतो. तुमचा आरपीसी या रांगेत नसतो. तो नेमक्या कोणत्या हालचालीआधी लागू करायचा हे सर्व्हरला कळायला मार्ग नाही. ६० फ्रेमच्या खेळात तो दोन फ्रेम उशिरा लागला आणि चढण्याचा वेग सेकंदाला ३ मीटर असला, तर १० सेंमीचा फरक पडतो. मग दुरुस्ती होणारच. एकट्याने खेळताना सर्व्हर आणि क्लायंट एकच असतात, म्हणून हे दिसत नाही.

उपाय असा. मँटलसाठी चालणं, पडणं यांसारखाच स्वतंत्र कस्टम मूव्हमेंट मोड करा. ‘चढायचंय’ हा इनपुट सेव्ह्ड मूव्हच्या (क्लायंटने साठवून पाठवलेल्या हालचालीच्या) फ्लॅगमधून, म्हणजे हो-नाही खुणेतून, पाठवा. स्वतःसाठी वापरायला चार फ्लॅग मोकळे असतात. कड शोधण्याचं काम मूव्हमेंट कंपोनंटच्या आतच, त्याच टिकला (हिशोबाच्या त्याच फेरीत), दोन्ही बाजूंनी होऊ द्या. चढण्याचा मार्ग ‘सुरुवातीची जागा, शेवटची जागा, उलटलेला वेळ’ एवढ्यावरून काढा: आधी वर, मग पुढे. ॲनिमेशनने फक्त या मार्गामागे यायचं, शरीर ओढायचं नाही. आणि हे हमखास राहून जातं: या तिन्ही गोष्टी सेव्ह्ड मूव्हमध्ये साठवा आणि सर्व्हरच्या दुरुस्तीतही परत पाठवा. दुरुस्तीनंतर क्लायंट मधल्या सगळ्या हालचाली पुन्हा चालवतो. त्या वेळी ‘आपण अर्ध्यात चढलोय’ हे त्याला आठवत नसेल, तर तो भिंतीच्या पायथ्याशीच उभा राहतो.

कड शोधण्यासाठी तीन ट्रेस, म्हणजे वाटेत काही लागतं का याच्या चाचण्या, पुरतात, पण क्रम पाळा. छातीच्या उंचीवरून पुढे ७० सेंमी कॅप्सूल (खेळाडूच्या शरीराऐवजी धरलेला गोलाकार टोकांचा आकार) ट्रेस, भिंत आहे का ते पाहायला. भिंत लागली की तिच्या १० सेंमी आत, सव्वादोन मीटर उंचीवरून खाली ट्रेस, माथा किती उंच आणि किती उतरता आहे ते कळायला. मग त्या माथ्यावर पूर्ण कॅप्सूल मावते का ते तपासा. मावत नसेल तर ओणव्याची कॅप्सूल घेऊन पुन्हा तपासा. ही शेवटची तपासणी गाळली की खेळाडू छतात अडकतात. उंचीचे टप्पे माझ्या मते असे ठेवावेत: ४५ सेंमीपर्यंत साधं पाऊल (इंजिनाची मूळ मर्यादा तीच आहे), १.२ मीटरपर्यंत व्हॉल्ट, २.२ मीटरपर्यंत मँटल. भिंतीपलीकडे लगेच जमीन सापडली तरच व्हॉल्ट, नाहीतर वर चढून थांबायचं. नकाशा बनवणाऱ्याला ०.४, १ आणि २ मीटर याच उंच्या वापरायला सांगा. १.१५ आणि १.२५ मीटरचे कठडे शेजारीशेजारी असले की खेळाडूला काय होणार ते कळत नाही, आणि गोळीबारात त्याला विचार करायला वेळ नसतो.

मोठ्या नकाशात फुटणाऱ्या भिंती आणि चालती वाहनं येतात, आणि खरं काम तिथेच असतं. खेळाडू भिंतीवर अर्धा चढलाय आणि रणगाड्याने तीच भिंत उडवली. क्लायंटकडे ती अजून उभी आहे, सर्व्हरकडे नाही. अशा वेळी त्याला वरही पोचवू नका, खालीही टेलिपोर्ट करू नका. मँटल रद्द करा, असलेला वेग राखा आणि फॉलिंग, म्हणजे पडण्याच्या मोडमध्ये टाका. दुरुस्ती होईल, पण ती साध्या पडण्यासारखी दिसेल. वाहनावर चढताना शेवटची जागा जगाच्या नव्हे, वाहनाच्या सापेक्ष साठवा. नाहीतर ट्रक पुढे निघून जातो आणि माणूस हवेत चढत राहतो.

स्लाइडमध्ये चूक गणिताची असते. ‘स्लाइड सुरू झाली की वेगात सेकंदाला ३ मीटर मिळवा’ असं लिहिलंत, तर स्लाइड, उडी, पुन्हा स्लाइड अशी साखळी करून लोक पळत सुटतील. त्याऐवजी ‘वेग ९ पेक्षा कमी असेल तर ९ करा’ असं लिहा आणि या वाढीला दोनेक सेकंदांचा कूलडाउन (पुन्हा मिळण्याआधीची थांबण्याची वेळ) द्या. उतारावर वेग वाढू द्या, ते खेळाडूने कमावलेलं असतं. क्वेक या शूटरच्या पद्धतीचं हवेतलं नियंत्रण घेणार असाल तर लक्षात ठेवा: तिथे मर्यादा एकूण वेगावर नसते, तुम्ही ज्या दिशेला दाबताय त्या दिशेच्या घटकावर असते. म्हणून वळत वळत उड्या मारल्या की वेग चढत जातो. हवं असेल तर जाणून ठेवा, नको असेल तर एकूण वेगालाही छत घाला.

आता भिंतीवर धावणं. ६४ जणांत मी ते घेणार नाही. इतर खेळाडू आपल्याला नेहमी थोडे जुने दिसतात. इंटरपोलेशन (दोन अपडेटमधली हालचाल गुळगुळीत दाखवायला मुद्दाम ठेवलेला उशीर) १०० मिलिसेकंदांचं धरलं, तर सेकंदाला ६ मीटर धावणारा ६० सेंमी मागे दिसतो, १० मीटरने भिंतीवरून जाणारा पूर्ण एक मीटर. पिंग, म्हणजे नेटवर्कचा उशीर, त्यावर वेगळा. लॅग कॉम्पेन्सेशनमुळे (सर्व्हर नेमबाजाला दिसलेला जुना क्षण धरून नेम तपासतो) नेमबाजाची गोळी लागते, पण ज्याला लागते तो तोवर आडोशामागे पोचलेला असतो. हालचाल जितकी वेगवान, तितकी ही तक्रार मोठी. खेळाडू वाढले की बँडविड्थ वाचवायला दूरच्यांचे अपडेट विरळ करावे लागतात, आणि अंतर आणखी वाढतं. २०१४ च्या टायटनफॉलमध्ये माणसं ६ विरुद्ध ६ होती, बाकी गर्दी एआयची. २०११ चा ब्रिंक ८ विरुद्ध ८ होता. १२८ खेळाडूंच्या बॅटलफील्ड २०४२ मध्ये व्हॉल्ट आणि स्लाइड आहेत, वॉल-रन नाही. तरीही हवंच असेल, तर १६ जणांचा वेगळा मोड करून त्यातच द्या.

तपासणी करताना १०० मिलिसेकंद लॅग आणि २ टक्के पॅकेट लॉस लावूनच रोज खेळा. कन्सोलवर (इंजिनाच्या आज्ञा टाकायच्या ओळीत) p.NetShowCorrections 1 टाकलं की प्रत्येक दुरुस्ती कॅप्सूल काढून दाखवली जाते. एकाच भिंतीवर पन्नास वेळा चढा. कॅप्सूल चढायच्या सुरुवातीला दिसत असतील तर दोष इनपुटच्या फ्लॅगमध्ये, मध्येच दिसत असतील तर साठवलेल्या वेळेत, आणि माथ्यावर पोचताना दिसत असतील तर मोड बदलण्याच्या क्षणाला उरलेल्या वेगात.