हिवाळ्यात गावाकडे सकाळी फिरायला कधी जावं, आणि कसं?

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा 8-10 अंशांवर येतो, तेव्हा पहाटे पाचचा हट्ट नको. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. शिवाय शेकोट्यांचा धूर जमिनीलगत साचलेला असतो. ऊन पडल्यावर निघा. बीपी, दमा असलेल्यांनी तर नक्कीच. अंधारात तुरीच्या उभ्या पिकात रानडुकरं असतात, हेही ध्यानात ठेवा.

आधी अंगणातच 5-7 मिनिटं खांदे, कंबर, घोटे फिरवा. मग पांदण रस्त्यानं 30 मिनिटं झपाझप चाला, आठवड्यातून 5 दिवस. वेग असा, की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, दवामुळे चप्पल घसरून घोटा मुरगळतो, म्हणून तळाला खाचा असलेले बूट घाला. जाड स्वेटरऐवजी दोन पातळ कपडे बरे, घाम आला की वरचा काढता येतो. ओलं बनियन घरी आल्याबरोबर बदला.

दिवसभर कापूस वेचणाऱ्यांचं चालणं होतंच. त्यांनी दर तासाला कमरेवर हात ठेवून पाठ हळूच मागे ताणावी.

'ड' जीवनसत्त्वाला कोवळं ऊन पुरत नाही. 11 ते 2 दरम्यान हात-पाय उघडे ठेवून 20-30 मिनिटं बसा.

चालताना छातीत दाटलं किंवा डाव्या हातात कळ आली तर तिथंच थांबा, लगेच दवाखाना गाठा.