पहिले चार दिवस एकट्याने काढू नकोस

मित्रा, कालपासून दारूचा थेंब नाही, हात थरथरतायत, झोप उडालीय म्हणतोस. विचारलंस ते बरं केलंस. पण रोज भरपूर पिणाऱ्याने घरी बसून एकदम बंद करणं धोक्याचं असतं. मी तेच केलं होतं, ऐन हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूच्या, दिवसांत, मर्दुमकी म्हणून! दुसऱ्या रात्री फिटचा झटका आला. बायकोने शेजाऱ्याच्या गाडीत घालून इस्पितळात नेलं.

थरथर, घाम, मळमळ साधारण ६ ते २४ तासांत सुरू होते. झटके बहुधा पहिल्या ४८ तासांत येतात. भास, बरळणं, ताप हे त्यानंतर, चौथ्या दिवसापर्यंत कधीही. त्यात माणूस दगावूही शकतो. म्हणून आजच बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात जा, कुणाला तरी सोबत घेऊन. स्कूटर स्वतः चालवू नकोस.

आत्ता एवढंच सांभाळ:
- किती पितोस ते डॉक्टरांना खरं सांग. आपण सगळे अर्धंच सांगतो, आणि औषधाची मात्रा त्यावरच ठरते. आधी कधी झटका आला असेल तर तेही सांग.
- मित्राकडच्या झोपेच्या गोळ्या नकोत.
- नुसत्या ग्लुकोजच्या पाण्यावर राहू नकोस. थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, लागतं; ते डॉक्टर देतील. पोटात पेज राहिली तरी पुष्कळ.
- झटका आला किंवा नसलेलं दिसू लागलं, तर थेट १०८.

घरातली फेणीची बाटली? बायकोला ओतून टाकायला सांग, तू हात लावू नकोस.

दारू सोडणाऱ्यांच्या बैठका, तावेर्नावाले (दारूच्या गुत्त्यावरचे) दोस्त, पुढचा साव जांवचा सण, हे सगळं नंतर बोलू. आत्ता घरात सोबत कोण आहे ते कळव.