गाडीचं दुखणं : चोक आत ढकलला की पद्मिनी बंद पडते

प्रश्न : काकाजी, नमस्कार. आमच्या बाबांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी गावी कोठ्यात, कापसाच्या ढिगाच्या बाजूला सहा-सात वर्षं उभी होती. यंदा दिवाळीत नवी बॅटरी टाकली, ऑइल बदलवलं, चारही प्लग नवे लावले, टाकीत पाच लिटर पेट्रोल टाकलं. गाडी सुरू होते, पण चोक ओढलेला असेल तरच. चोक आत ढकलला की इंजिन थरथरतं, मिसिंग मारतं आणि बंद पडतं. रेस देत राहिलं तर पन्नासच्या स्पीडनं बरी चालते. कार्बोरेटरचे दोन्ही स्क्रू फिरवून पाहिले, काही फरक नाही. मिस्त्री म्हणतो, कार्बोरेटर गेला, दुसरा टाका. बाबांना याच गाडीत यवतमाळला फिरवून आणायचं आहे. काय करू जी?
— एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : भाऊ, आधी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा. आणि नव्या कार्बोरेटरचे पैसे सध्या खिशातच राहू द्या. पितळेच्या जेटांचा (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकांच्या तुकड्यांचा) तो कार्बोरेटर कोठ्यात उभ्या उभ्या सहसा मरत नाही, तुंबतो.

तुमच्या पत्रातच निम्मं निदान आहे. चोक ओढला की हवा कमी होते, पेट्रोलचं प्रमाण वाढतं. तेव्हाच गाडी नीट चालत असेल, तर एरवी तिला स्लोवर, म्हणजे रेस न देता इंजिन हळू फिरतं तेव्हा, पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी फुकटची हवा आत शिरतेय. रेसवर बरी चालते, कारण तिथे मेन जेट काम करतो. स्लोचा जेट वेगळा, त्याचं भोक बारीक, आणि जुनं पेट्रोल सुकून जो चिकट थर बसतो तो पहिले तिथेच बसतो. स्लोचा जेटच बंद असेल तर बाहेरचा स्क्रू कितीही फिरवा, येणार काय?

पण कार्बोरेटर खोलायच्या आधी एक काम करा. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी भरली होती त्यापेक्षा वर चढली असेल, तर गाडी सुरूच करू नका. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनवरच बसवलेला आहे. वर्षानुवर्षं सुकलेला त्याचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) फाटला, तर पेट्रोल सरळ ऑइलमध्ये उतरतं. पातळ ऑइलवर बेअरिंग खाल्ली गेली म्हणजे मग कार्बोरेटरचा खर्च किरकोळ वाटेल. पंपाचा किट येतो, तो बदलवा, ऑइल पुन्हा बदलवा, मगच पुढचं.

आता टाकी. सात वर्षांच्या पेट्रोलवर पाच लिटर ताजं ओतलं असेल, तर ते सगळंच गेलं समजा. टाकी पूर्ण रिकामी करा. उरलेल्याला वार्निशसारखा आंबूस वास येईल. तळाशी तांबूस गाळ असेल, तर टाकी उतरवून धुवावी लागेल, नाहीतर आज साफ केलेला जेट आठ दिवसांत पुन्हा तुंबतो. पंपाच्या अलीकडे पारदर्शक फिल्टर लावा, म्हणजे कचरा डोळ्यांना दिसेल. आणि हे सगळं कोठ्यात करू नका, राजेहो! बाजूला कापूस आणि हातात पेट्रोलचा डबा. गाडी ढकलत अंगणात आणा, बॅटरीची तार सोडा, बिडीवाल्याला लांब बसवा.

कापसावरून आठवलं. एअर क्लीनरचा गोल डबा उघडून पाहिला का? आमच्याकडे कोठ्यातून आलेल्या एका फियाटमध्ये उंदरानं सरकीसकट कापूस ठासून भरला होता, आणि थोडा कार्बोरेटरच्या तोंडापर्यंत ओढत नेला होता. तसे तंतू आत दिसले, तर चिमट्यानं काढा, हवा मारू नका, नाहीतर ते खालीच जातील. टाकीच्या झाकणाचं भोकही पाहा, कुंभारमाशी तिथे चिखल लिंपून ठेवते. ते बंद असेल तर गाडी थोडं अंतर चालून बंद पडेल आणि तुम्ही पुन्हा कार्बोरेटरलाच दोष द्याल.

यानंतर स्लोचा जेट काढा. उजेडाकडे धरला की आरपार भोक दिसलं पाहिजे. दिसलं नाही, तरी सुई किंवा तार घालू नका. पितळ मऊ, भोक मोठं झालं की कायमचं बिघडलं. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारा, थोडा वेळ भिजू द्या, मग पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवा डोळे सांभाळून मारा. जेट जिथे बसतो त्या वाटेतही हवा गेली पाहिजे, नुसता जेट साफ करून भागत नाही. फ्लोटची (पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाची) वाटी पुसून घ्या, पेट्रोल आत सोडणारी-थांबवणारी नीडल अडकत नाही ना ते बघा. जोडताना पॅकिंग नवंच टाका.

फुकटच्या हवेची तपासणी सोपी आहे. गाडी कशीबशी स्लोवर ठेवा, सिरिंजमध्ये पाणी घ्या आणि कार्बोरेटरच्या बुडाशी, मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटरपासून इंजिनात जाणाऱ्या नळ्यांच्या) सांध्यावर थेंब थेंब सोडा. जिथे थेंब पडताच आवाज बदलतो, तिथून हवा शिरतेय. काही लोक यासाठी पेट्रोल शिंपडतात. गरम इंजिनवर पेट्रोल शिंपडणाऱ्याला मी गॅरेजात उभं करत नाही. थ्रॉटलचा, म्हणजे रेस दिली की कार्बोरेटरमध्ये फिरणाऱ्या झडपेचा, दांडा हलवूनही पाहा. तो सैल असेल तर पॅकिंग कितीही बदललं तरी हवा येतच राहील, लेथवाल्याकडून बूश (दांड्याभोवतीच्या कड्या) बसवून घ्यावे लागतात.

एवढ्यानं बहुतेक काम होतं. तरी मिसिंग राहिलं तर ते करंटचं समजा. सी.बी. पॉइंट, म्हणजे प्लगचा करंट जोडणारे-तोडणारे टोक, वर्षानुवर्षं पडून काळे पडतात, ते बारीक कानसीनं साफ करून फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्टीनं) गॅप लावा. मग इंजिन चालू असताना इन्सुलेटेड पकडीनं प्लगची एकेक वायर काढून पाहा. जी काढल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर झोपलेला. नवे प्लग लावताना वायरी अदलाबदल झाल्या नाहीत ना, तेही बघा, क्रम १-३-४-२. झोपलेल्या सिलिंडरचा प्लग आणि वायर बदलूनही तो उठला नाही, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्या. एखादा व्हॉल्व्ह गंजून अडकलेला असू शकतो, आणि ते काम अंगणातलं नाही.

आता स्क्रू. मिक्श्चरचा (पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत, जोर लावायचा नाही, टोक खराब होतं. तिथून साधारण दीड आटा बाहेर. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, चोक आत असताना, जिथे ते सर्वात सारखं आणि वेगानं फिरतं तिथे हा स्क्रू थांबवा, आणि मग दुसऱ्या स्क्रूनं रेस कमी करा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यानं मिश्रण थोडं पातळ पडतं, म्हणून या जुन्या गाड्यांना स्क्रू पूर्वीपेक्षा किंचित जास्त उघडा लागतो. रबराच्या जुन्या नळ्याही ते खातं, त्या बदलवाच.

कानावर भरवसा नसेल तर पीयूसीवाल्याकडे जा. एवीतेवी पीयूसी काढायचीच आहे. त्याची मशीन स्लोवरच मोजते. तुमच्या जुन्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. तिथेच स्क्रू लावून घ्या. आणि बाबांना बसवायच्या आधी ब्रेक खोलून बघा. सात वर्षं उभ्या गाडीचे व्हील सिलिंडर गळतात, ते स्लोपेक्षा महत्त्वाचं.

प्रश्न : माझी जुनी अॅम्बेसेडर मे महिन्यात चंद्रपूरकडे जाताना चहाला थांबलो की पुन्हा सुरू होत नाही. अर्ध्या तासानं आपोआप होते. कॉइल बदलवली. — एक वाचक, वर्धा

उत्तर : कॉइलनं काय होणार दादा, पंपातलं पेट्रोल उकळतंय. गाडी थांबली की पंखा थांबतो, बॉनेटखालची गरमी वाढते, नळीत वाफ भरते आणि पंप नुसता वाफच ढकलतो. ओला फडका पंपावर आणि नळीवर गुंडाळा, पाच-दहा मिनिटांत सुरू होईल. थांबताना बॉनेट उघडून ठेवा, आणि पेट्रोलची नळी एक्झॉस्टला चिकटून जात असेल तर ती बाजूला घ्या. तोवर सेल्फ मारत बसू नका, बॅटरी उतरली की चहा आणखी एक प्यावा लागेल.