रोहित, अग्निपंख आणि न शोभणारा बगळा

विचारणा अशी आहे की, ठाण्याच्या खाडीत उतरणाऱ्या फ्लेमिंगोला ‘गुलाबी बगळा’ म्हणावे, ‘अग्निपंख’ म्हणावे की ‘रोहित’, आणि त्याला ‘परदेशी पाहुणा’ म्हणणे योग्य आहे काय?

‘गुलाबी बगळा’ हा प्रयोग दर हिवाळ्यात कानी पडतो आणि दर हिवाळ्यात माझा संताप होतो. बगळा मासा टिपतो. फ्लेमिंगो वाकडी चोच पाण्यात उलटी धरून शेवाळ आणि बारीक जीव गाळून घेतो, आणि त्याच्या बोटांना बदकासारखा पडदा असतो. शास्त्रज्ञांनी त्याला कधी करकोच्यांच्या, तर कधी बदकांच्या पंगतीला बसवले. अखेर २००१ नंतरच्या जनुकीय अभ्यासांनी त्याचे सर्वांत जवळचे आप्त म्हणून टिबुकली या पाणबुड्या पक्ष्याच्या (ग्रीब) कुळाकडे बोट दाखवले. बगळा या नात्यात कोठेच नाही.

‘अग्निपंख’ चोख आहे, कारण खरी लाली पंख उघडल्यावरच दिसते. शास्त्रीय नावातील ‘फिनिकॉप्टेरस’चा अर्थही लाल पंखांचा असाच आहे. तरीही माझे मन ‘रोहित’वर आहे; रोहित म्हणजे तांबडा. संस्कृत शब्दांची व्युत्पत्ती सांगणारी उणादिसूत्रे रोहित आणि लोहित हे दोन्ही शब्द ‘रुह्’, म्हणजे उगवणे, या धातूपासून साधतात. सूत्रकारांविषयी आदर राखूनही मला ही व्युत्पत्ती ओढाताणीची वाटते, कारण शब्दाचे सख्खे भावंड ‘रुधिर’ समोर उभे असून, ग्रीक ‘एरिथ्रोस’ आणि लॅटिन ‘रुबेर’ हे लालवाचक शब्द त्याच घरचे आहेत; मूळचा ‘ध’ रोहितात ‘ह’ झाला, इतकेच. रोहू मासा आणि तांबूस तेजाची रोहिणी ही याच गोतावळ्यातली. विदर्भातला रोही, म्हणजे नीलगाय, हाही त्यातलाच असावा असा माझा जुना तर्क आहे. रोही निळसर असतो, असा आक्षेप एका कोशप्रेमी स्नेह्याने घेतला होता. मादी तांबूस असते, हे ते सोयीस्करपणे विसरले.

राहिला पाहुणा. मोठा रोहित (फिकट अंग, गुलाबी चोचीचे टोक काळे) आणि छोटा रोहित (गडद गुलाबी अंग, चोच दुरून काळीच भासणारी) हे दोघेही गुजरातेतील कच्छच्या खाऱ्या रणांत वीण करतात, आणि तीही पाणी बेताचे साचले तरच. एरवी पाणी असेल तिकडे थवा जातो. अशा पक्ष्याला ‘भटका’ म्हणावे. ‘परदेशी’ म्हणायचे असेल, तर आधी भूज परदेशात नेऊन ठेवावे लागेल.