सन त्झूच्या युद्धनीतीतलं कोणतं तत्त्व छोट्या दुकानदाराने आधी वापरावं?

तालुक्याच्या गावात तुमचं मोबाईल ॲक्सेसरीजचं दुकान, समोर मोठ्या साखळीचं शोरूम आलंय, आणि सन त्झूपैकी काय उचलावं ते कळत नाही, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर काहीच उचलू नका. सन त्झू हा प्राचीन चिनी युद्धतज्ज्ञ, त्याच्या पुस्तकात तेरा छोटी प्रकरणं आहेत, एका संध्याकाळी होतात, जरूर वाचा. पण ती वाचून तावातावाने बोलणाऱ्या माणसाच्या हाती गल्ला देऊ नका. आम्ही दिला होता.

आमचं रंगाचं दुकान. थोरले दादा मालक, चेकवर सही त्यांची, काउंटर माझ्याकडे. २०१२च्या पावसाळ्यात समोर नवा डीलर आला. रंग मिसळून शेड बनवायचं टिंटिंग मशीन आमच्यापेक्षा मोठं, मागे पैसा भरपूर, ठेकेदारांना उधारी वाटेल तेवढी. मी म्हटलं, रेट हलवायचा नाही, उधारी वाढवायची नाही, पेंटर लोकांशी संबंध जपायचे आणि दिवाळीपर्यंत गप्प बसायचं. त्याला गोडाऊनचं भाडं आहे, बँकेचं व्याज आहे, वाटलेली उधारी वसूल करायची आहे. दोन महिने आमची विक्री घसरली, हे खरंय. दादांना रोज संध्याकाळी समोरची गर्दी दिसायची.

त्याच सुमारास दादांचे मेव्हणे पुण्याहून मॅनेजमेंटचा कोर्स करून आले. सन त्झूचं एक वाक्य लॅमिनेट करून त्यांनी काउंटरमागे लावलं: लढाई लांबली आणि त्यात राज्याचं भलं झालं, असं कधी घडलेलं नाही. वाक्य खरंच पुस्तकातलं आहे, दुसऱ्या प्रकरणातलं. "दाजी, हे नुसते बसून राहिलेत," असं माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. त्यात दोन्हीकडे काम करणारा एक पेंटर दादांच्या कानात सांगून गेला, "तुम्ही रेट पाडला तर ते आठवड्यात शटर ओढतील, त्यांना तेवढीच धास्ती आहे."

पुढे कितीतरी वर्षांनी मी प्राचीन चीनमधल्या चांगपिंगच्या लढाईबद्दल वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. इ.स.पू. २६०, आजच्या शान्शी प्रांतातली जागा. चिन आणि झाओ ही दोन राज्यं समोरासमोर. झाओचा सेनापती ल्येन पो म्हातारा, मुरलेला. सुरुवातीला मार खाल्ल्यावर तो तटबंदी करून आत बसला, बाहेर पडेचना. राजाला तो भित्रेपणा वाटला. चिनच्या हेरांनी पैसे चारून आवई उठवली की ल्येन पोचं काय, तो शरण यायच्याच बेतात आहे, आम्हाला धास्ती आहे ती झाओ ख्वोची. हा ख्वो नामांकित सेनापतीचा मुलगा, युद्धशास्त्र तोंडपाठ, वादात बापालाही ऐकायचा नाही. बाप म्हणायचा, लढाई म्हणजे जिवाशी गाठ आणि हा ती चुटकीसरशी बोलतो. राजाने त्यालाच नेमलं. तेव्हा खुद्द त्याच्या आईने राजाला विनवलं, याला पाठवू नका. याचे वडील मिळालेलं बक्षीस हाताखालच्या माणसांत वाटून टाकायचे, हा घरात साठवतो आणि कुठे जमीन-घर स्वस्त मिळतंय ते बघतो. राजा ऐकेना, तेव्हा तिने एवढंच मागून घेतलं की उद्या काही झालं तर मला त्यात ओढू नका.

आमच्या वहिनीही दादांना म्हणाल्या होत्या, "माझा भाऊ आहे म्हणूनच सांगते, दुकान त्याच्यावर सोडू नका." मी शेजारच्या खोलीत होतो, या कानांनी ऐकलंय.

दसऱ्याच्या आधी रेट पाडला. वीस लिटरचा डबा खरेदीच्याही खाली. गर्दी झाली, दादा खूश. समोरच्याने दोन दिवस रेट उतरवला आणि मग गप्प बसला. आता कळतं, तो आमचा माल संपायची वाट बघत होता. कंपनीचा चेक वटला नाही, बिलिंग बंद झालं, आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे पांढरा प्रायमर नाही! त्याचं गोडाऊन भरलेलं. तो पेंटर नंतर त्यांच्याकडेच कायम झाला. मी शपथेवर काही म्हणत नाही.

तिकडे चिनने गुपचूप आपला नावाजलेला सेनापती बाय ची याला आणलं होतं. त्याचं नाव फोडणाऱ्याला देहान्त. ख्वो तटाबाहेर पडला, शत्रू पळतोय असं वाटून मागे लागला, आणि मागून त्याची रसद तोडली गेली. ४६ दिवस सैन्य उपाशी. तो स्वतः मारला गेला. प्राचीन चिनी इतिहासकार सिमा चियान लिहितो की चार लाखांवर माणसं गेली आणि वयाने लहान अशा २४० जणांना तेवढं परत पाठवलं. आकडा फुगवलेला असावा असं बरेच अभ्यासक मानतात. पण चीनमध्ये नुसत्या पुस्तकी हुशारीला "कागदावर लढाई बोलणं" म्हणतात, ते या ख्वोच्याच नावावर आहे.

आता दादा हे वाचतील म्हणून त्यांचीही बाजू लिहितो. झाओकडे धान्य कमी पडत होतं, ची नावाच्या तिसऱ्या राज्याकडे मागितलं तर त्यांनी दिलं नाही. म्हणजे बसून राहणंही फुकट नव्हतं, आणि राजा अगदीच मूर्ख नव्हता. शिवाय चिनचा राजा शेवटी स्वतः आघाडीकडे गेला आणि पंधरा वर्षांवरच्या सगळ्यांना भरती करून झाओच्या रसदीवर घातलं. समोरचा एवढा जोर लावणार असेल तर ल्येन पो तरी किती टिकला असता, कोण जाणे. मीही दिवाळीनंतर टिकलो असतोच असं नाही. पण दादा अजून लग्नाकार्यात "त्या वर्षी सीझनच वाईट होता" म्हणतात, ते मात्र खोटं आहे. समोरच्याला त्याच सीझनला दुसरा गाळा घ्यावा लागला.

तुमचा प्रश्न अर्धा राहिला, कल्पना आहे. पण तुमची उधारी किती दिवसांची आणि होलसेलवाला तुम्हाला किती दिवस थांबतो, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. आधी ते कळवा.