कप कुठला, ते आधी बघा!

प्रश्न: ताई, मी फोंड्याची. चतुर्थीला मणगणं, म्हणजे आमच्याकडची चणाडाळीची गोड खीर, करायचंय, रेसिपीत 600 मिली नारळाचा रस सांगितलाय आणि माझ्याकडे फक्त मापाचे कप आहेत, तर किती कप घालू?

उत्तर: अगं, आधी कप उलटा करून बघ, 240 लिहिलंय की 250, कारण बाजारात दोन्ही मिळतात. 240 चा असला तर बरोब्बर अडीच कप, 250 चा असला तर दोन कप आणि वर 100 मिली, म्हणजे 15 मिलीचे मोठे चमचे साताला किंचित कमी. चहाचा कप मात्र नको हां, आमच्या घरचा तर दीडशेतच भरतो! मणगण्यात चमचाभर इकडेतिकडे चालतं, केकला नाही चालत. आणि दाट रस शेवटी घाल, उकळलास तर फुटेल.